उणे आठ डेसिबल

ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला आणि दोन सरकारी खात्यांना एक काम लावून दिलं: ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये नैसर्गिक शांतता ‘भरीव प्रमाणात’ परत आणा. रस्ता करा, धरण बांधा, झाडं लावा असले हुकूम खात्यांना कळतात. शांतता परत आणायची म्हणजे किती, कुठे, किती वाजता, आणि ती आली हे कुणाच्या कानांनी ठरवायचं, यातलं काहीच कायद्यात नव्हतं. पुढची पंचवीस वर्षं वाद झाला तो याच तपशिलावर. मंत्री आले-गेले, खटले चालले, विमानांचे मार्ग बदलले. पण या सगळ्या प्रकरणात निकाल लागत गेला तो मोजपट्टीवर. ज्याची व्याख्या मान्य झाली त्याचं पारडं जड झालं. म्हणून या प्रकरणात हेलिकॉप्टरांइतकंच व्याख्यांविषयी बोलावं लागणार आहे.

आधी जागा पाहू. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. दरीतून वर आलेल्या सुळक्यांपैकी दोहोंना ‘विष्णू टेंपल’ आणि ‘शिवा टेंपल’ अशी नावं आहेत. एकोणिसाव्या शतकात इथे काम केलेल्या क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला पौर्वात्य देवळांचा सोस होता, त्याची ही करणी. तळाशी उघड्या पडलेल्या, १७० कोटी वर्षांहून जुन्या खडकालाही भूशास्त्रात ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात. आपल्याकडचे पर्यटक कठड्यापाशी पाटी वाचून चमकतात ते यामुळे.

उद्यान १९१९ साली जाहीर झालं. आज वर्षाला सुमारे पन्नास लाख माणसं तिथे येतात आणि त्यातली बहुतेक दक्षिण कड्यावर काही तास थांबून, फोटो काढून परततात. दरी उतरून वर यायला पाय आणि दोन दिवस लागतात, तळातून नदीने जायचं तर दोन-दोन आठवडे. हवेतून मात्र अर्ध्या-पाऊण तासात तिचं दर्शन होतं. म्हातारी माणसं, गुडघे दुखणारे, व्हीलचेअरवरचे, हातात वेळ नसलेले अशा सगळ्यांना ते परवडतं. विमान कंपन्या हा मुद्दा दरवेळी पुढे करतात, आणि तो खोटा नाही. उद्यानाच्या दक्षिण सीमेला लागून टुसायान नावाचं गाव आहे; तिथल्या विमानतळावरून आणि हेलिपॅडवरून फेऱ्या सुटतात. दुसरा मोठा ओघ पश्चिमेकडून, लास वेगासमधून येतो. आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये वेगासच्या मुक्कामात ‘हेलिकॉप्टर राईड, ऑप्शनल’ अशी ओळ असते ती याच धंद्याची.

या दरीवरच्या आकाशाचा इतिहास दोन अपघातांनी घडवला आहे. ३० जून १९५६ ला लॉस एंजेलिसहून सकाळी निघालेली दोन प्रवासी विमानं, टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेडचं डीसी-७, या दरीवर एकमेकांवर आदळली. १२८ जण गेले, कुणीही वाचलं नाही. त्या काळी वैमानिकाला मोकळ्या आकाशात आपल्या नजरेच्या भरवशावर मार्ग बदलता येई. प्रवाशांना दरीचं चांगलं दर्शन घडावं म्हणून विमानं वळवली गेली असावीत का, याचा विचार चौकशी अहवालातही झाला. या अपघाताने देश हादरला, आणि १९५८ च्या कायद्याने आकाशाचं नियंत्रण एका नव्या संस्थेकडे गेलं. तीच आजची एफएए. पुढे तीस वर्षांनी, १८ जून १९८६ ला, प्रेक्षणीय फेरीवरचं ट्विन ऑटर विमान आणि तशाच फेरीवरचं बेल २०६ हेलिकॉप्टर दरीवर धडकलं. २५ जण मरण पावले. दुसऱ्या वर्षीचा कायदा या धक्क्यातून आला.

हे सांगायचं कारण असं, की एफएएचा पिंडच अपघात टाळण्याचा आहे. दोन विमानांत अंतर किती, उंची किती, कोण कुठल्या थरात, याचा विचार तिच्या अंगवळणी पडलेला आहे. आवाज हा तिच्या लेखी वरून लादलेला अभ्यासक्रम. उलट उद्यानं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसला शांततेची कळकळ आहे, पण तिची सत्ता जमिनीपुरती. झाडाला हात लावाल तर रेंजर पावती फाडेल. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तर तो नुसता वर बघेल.

जमिनीच्या मालकाचं आकाश कुठे संपतं हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९४६ साली आला होता, तोही कोंबड्यांमुळे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी नावाच्या कुटुंबाचा कुक्कुटपालनाचा धंदा होता. युद्धकाळात शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमानं उतरू लागली. ती त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. कोंबड्या भेदरून उडत, भिंतीवर आपटून मरत. एकेका दिवशी सहा ते दहा. धंदा बसला. न्यायालयाने भरपाई मान्य केली, पण त्याच निकालात हेही सांगितलं की जमिनीची मालकी थेट स्वर्गापर्यंत जाते ही जुनी समजूत आजच्या जगात चालणार नाही. वरचं आकाश हा सार्वजनिक हमरस्ता आहे. उद्यानाचं दुखणं या निकालातच आहे. कॉस्बींच्या नुकसानीचा हिशेब मेलेल्या कोंबड्यांनी करता आला. दरीच्या तळाशी बसलेल्या माणसाचं काय नुकसान झालं, ते कशाने मोजणार?

१९७५ साली उद्यानाचा विस्तार करणाऱ्या कायद्यात नैसर्गिक शांतता ही जपण्याजोगी गोष्ट आहे असं पहिल्यांदा लिहिलं गेलं. तरतूद मात्र मजेशीर होती. विमानांमुळे शांततेला धक्का बसतो असं वाटलं तर अंतर्गत खात्याच्या मंत्र्याने एफएएकडे तक्रार करायची. म्हणजे केंद्रीय मंत्र्याला सोसायटीच्या सभासदाइतकाच अधिकार. १९८७ च्या कायद्याने हे बदललं. ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी तो लावून धरला होता. त्यांचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे. काठाच्या खाली, दरीच्या आत उडण्यावर बंदी आली. १९८८ साली एफएएने विशेष नियम काढले. दरीवर १४,४९९ फुटांपर्यंतचं आकाश नियमांखाली आलं, त्यात चार ‘उड्डाणमुक्त’ पट्टे आखले गेले आणि त्यांच्या मधून विमानांसाठी वाटा ठेवल्या गेल्या. हेलिकॉप्टरं खालच्या थरात, विमानं वरच्या. झुनी पॉइंट आणि ड्रॅगन ही अशा दोन वाटांची नावं.

सुरक्षिततेच्या दृष्टीने हे उत्तम झालं. आवाजाच्या दृष्टीने काय झालं? दरीभर पसरलेला गोंगाट दोन-चार ओळींत गोळा झाला. उड्डाणमुक्त पट्ट्यातल्या माणसाला बरं वाटलं. ड्रॅगन वाटेखाली तंबू ठोकलेल्याच्या डोक्यावर मात्र सगळ्यांच्या वाट्याचं आलं. पुढे या दोन वाटांवर वेळेचं बंधनही आलं, उन्हाळ्यात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आणि हिवाळ्यात नऊ ते पाच याबाहेर फेऱ्या बंद. पहाट आणि संध्याकाळ सुटली. दुपार गेली ती गेली.

आता मोजपट्टीकडे. काँग्रेसने मागितलेली ‘भरीव’ शांतता म्हणजे काय, हे पार्क सर्व्हिसने १९९४ च्या अहवालात लिहिलं: उद्यानाच्या किमान निम्म्या भागात, दिवसाच्या किमान ७५ टक्के वेळ, एकही विमान ऐकू येता कामा नये. दिवस म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात, बारा तास. म्हणजे चांगल्या निम्म्या भागातही तीन तास विमानांचा आवाज चालेल आणि उरलेल्या निम्म्या भागाबद्दल काहीच बोलणं नाही. पर्यावरणवाद्यांना हे फार थोडं वाटलं, कंपन्यांना फार जास्त. माझ्या मते या व्याख्येची ताकद आकड्यांत कमी आणि ‘ऐकू येता कामा नये’ या शब्दांत जास्त होती. विमानतळांभोवतीच्या वस्त्यांसाठी एफएए वेगळा हिशेब करते: वर्षभराच्या आवाजाची दिवस-रात्र सरासरी काढायची आणि ती ६५ डेसिबलच्या आत आहे का पाहायचं. त्या पट्टीने ग्रँड कॅन्यनचा कुठलाही कोपरा हसत-खेळत पास झाला असता. दिवसाला शंभर हेलिकॉप्टरं गेली तरी मधल्या नीरव वेळेत मिसळून सरासरी खालीच राहते.

ऐकू येणं ही कसोटी इतकी कडक का ठरते, हे थोड्या हिशेबाने पटेल. मोकळ्या हवेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने उतरते. समजा एक हेलिकॉप्टर १५० मीटरवर ८० डेसिबल आवाज करतं. ३०० मीटरवर ७४, ६०० वर ६८, १,२०० वर ६२, २,४०० वर ५६, ४,८०० वर ५०, आणि साडेनऊ किलोमीटरवर ४४. प्रत्यक्षात हवा काही आवाज शोषते, कडे आडवे येतात, त्यामुळे उतार याहून तीव्र असतो; पण दिशा हीच. दादर टीटीच्या चौकात, जिथे रहदारीच सत्तरच्या पुढे असते, हे हेलिकॉप्टर अर्ध्या किलोमीटरवरच हरवून जाईल. ग्रँड कॅन्यनच्या आतल्या भागात वारा पडला की पार्श्वभूमीचा आवाज २० डेसिबलच्याही खाली जातो. रेकॉर्डिंग स्टुडिओत एवढी शांतता मिळवायला पैसे मोजावे लागतात. तिथे ४४ डेसिबल म्हणजे कानाशी आलेला आवाज. जागा जितकी शांत तितकं एक यंत्र जास्त क्षेत्र व्यापतं.

त्यातून हेलिकॉप्टरचा आवाज हा साधा आवाज नव्हे. जुन्या बेल २०६ ला वर दोन पाती असतात आणि ती मिनिटाला सुमारे ३९४ वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला तेरा ठोके. उतरताना मागचं पातं पुढच्या पात्याने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात शिरतं आणि ‘फट्-फट्-फट्’ असा चाबकासारखा आवाज निघतो. हवा उंच पट्टीचा आवाज लवकर खाते; हा खर्जातला ठोका दूरवर तसाच जातो. म्हणून यंत्र दिसण्याच्या कितीतरी आधी ते येतंय हे कळतं, आणि गेल्यावरही जात नाही.

यातूनच या प्रकरणाच्या शीर्षकातला आकडा आला. जानेवारी १९९९ मध्ये पार्क सर्व्हिसने उद्यानाचे दोन भाग केले. वर्दळीच्या भागात, जिथे गाड्या, वसाहत आणि माणसांची गर्दी आहे, तिथे विमानाचा आवाज पार्श्वभूमीपेक्षा तीन डेसिबलने वर गेला की तो मोजायचा. इकडेतिकडे लक्ष असलेल्या पर्यटकाचंही मग तिकडे लक्ष जातं. आतल्या निर्जन भागात मात्र पार्श्वभूमीपेक्षा आठ डेसिबलने खाली असलेलाही आवाज मोजायचा. पहिल्यांदा वाचताना हा छापखान्याचा घोटाळा वाटतो. पार्श्वभूमीच्या खालचा आवाज ऐकू कसा येईल?

येतो. पार्श्वभूमी म्हणजे वारा, पाणी, पानं या सगळ्यांची सगळ्या पट्ट्यांतली मिळून एकच बेरीज. विमानाची घरघर मात्र ठरावीक, अरुंद पट्ट्यांत साठलेली असते, आणि कान लावून बसलेल्या माणसाला ती त्या बेरजेतून बरोबर वेगळी काढता येते. तेव्हा उणे आठ हा आकडा एका विशिष्ट माणसासाठी आहे: जो दरीत ऐकायला आला आहे. कंपन्यांनी यावर आगपाखड केली. ऐकण्यासाठी टपून बसलेल्याला तर काहीही ऐकू येईल, असं त्यांचं म्हणणं. सर्वसाधारण माणसाचे कान धरा. पण उद्यान हे ज्या थोड्या जागांपैकी आहे जिथे माणूस मुद्दाम कान देऊन बसतो, तिथे त्याच्याच कानांनी मोजणं मला रास्त वाटतं.

ही पट्टीही निर्दोष नव्हती, हे कबूल करायला हवं. तिला फक्त वेळ कळते. एक विमान चार मिनिटं ऐकू येतं असं धरा. एकेक करून ४५ विमानं गेली की तीन तासांचा कोटा संपला. तीच विमानं चार-चारच्या झुंडीने नेली तर पन्नास मिनिटांच्या आतच भागतं. म्हणजे कागदावर शांतता वाढली, आणि खाली उभ्या माणसावर एकाच वेळी चार यंत्रं. आवाज कानठळ्या बसवणारा होता की पुसटसा, याचीही नोंद नाही. एका आकड्यात शांतता बसवायची तर काहीतरी बाहेर राहणारच. कुणी काय बाहेर ठेवलं, ते पाहत राहावं लागतं.

त्यापुढचा घोळ ‘दिवस’ या शब्दाचा. १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी २००८ पर्यंत शांतता परत आणण्याची मुदत घातली. २००० साली एफएएने फेऱ्यांच्या संख्येवर कमाल मर्यादा घातली. मे १९९७ ते एप्रिल १९९८ या वर्षात कंपन्यांनी नोंदवलेल्या फेऱ्यांवरून ती ठरली, वर्षाला नव्वद हजारांच्या थोडी वर. मात्र शांतता तपासताना एफएएने वर्षाचा सरासरी दिवस धरला. पार्क सर्व्हिसचं म्हणणं होतं की कुठलाही दिवस घ्या, त्या दिवशी नियम पाळला गेला पाहिजे. फरक वरवर बारीक, पण जानेवारीचे रिकामे दिवस आणि जुलै-ऑगस्टचे गजबजलेले दिवस एकत्र केले की सरासरी दिवस छान दिसतो. उन्हाळ्यात आलेल्याला त्या सरासरीत राहता येत नाही. प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेलं. कंपन्यांनी जाचक म्हणून दावा लावला होता, तर ग्रँड कॅन्यन ट्रस्ट या पर्यावरणवादी संस्थेने पुळचट म्हणून. २००२ साली न्यायालयाने ट्रस्टच्या बाजूने सांगितलं की व्याख्या करणं पार्क सर्व्हिसचं काम आहे आणि तिच्या व्याख्येत कुठलाही दिवस असंच आहे. शिवाय फक्त पर्यटक फेऱ्या मोजून भागणार नाही, इतर विमानांचा आवाजही धरा.

या दुसऱ्या वाक्याने पार्क सर्व्हिसचीच पंचाईत झाली. दरीवरून लांब पल्ल्याची जेट विमानं सतत जातात, दहा-बारा किलोमीटर उंचीवरून. निर्जन भागातल्या तीक्ष्ण कानाला ती दिवसभर ऐकू येतात. ती मोजली तर पर्यटक फेऱ्या सगळ्या बंद करूनही गणित सुटेना. अखेर २००८ मध्ये पार्क सर्व्हिसने खुलासा केला की व्याख्या १७,९९९ फुटांखालच्या विमानांपुरती आहे. त्यावरचा आवाज ऐकू येतो, पण तो हिशेबात नाही. कान तेच, नियम दोन.

२०११ च्या फेब्रुवारीत पार्क सर्व्हिसने मोठा आराखडा मांडला: वर्षाला ६५,००० फेऱ्या, एका दिवसात ३६४ हून जास्त नाहीत, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास पूर्ण बंद, आणि हळूहळू शांत यंत्रांकडे जाणं. दिवसाची मर्यादा हा त्यातला खरा कणा, कारण ती थेट ‘कुठल्याही दिवसा’शी जुळलेली होती. हा आराखडा अमलात आलाच नाही. जुलै २०१२ मध्ये रस्ते आणि वाहतुकीच्या खर्चाचं एक भलंमोठं विधेयक मंजूर झालं, त्यात एक कलम सरकवलेलं होतं. निम्म्या उद्यानात ७५ टक्के वेळ शांतता असेल तर ती ‘भरीव’ मानावी, पार्क सर्व्हिसने पुढची प्रक्रिया थांबवावी, आणि शांत तंत्रज्ञानाच्या विमानांना सवलती द्याव्यात. पार्क सर्व्हिसने जो किमान उंबरठा म्हणून लिहिला होता, तोच आता कायद्याने अंतिम मुक्काम झाला. कलमामागे लास वेगासच्या नेवाडा राज्याचे सिनेटर हॅरी रीड होते आणि जॉन मॅकेन होते. तेच मॅकेन, १९८७ चे. त्यांचं म्हणणं, आपल्याला हवं होतं तेवढं साधलं आहे, यापुढे शेकडो नोकऱ्यांचं नुकसान कशाला. ढोंग म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. मला वाटतं १९८७ सालीही त्यांच्या डोळ्यांपुढे धडकलेली दोन यंत्रं होती, आणि तो प्रश्न खरोखरच बराचसा सुटला होता.

शांततेच्या बाजूने बोलणाऱ्यांना अवघडून टाकणारा आणखी एक पक्ष आहे. दरीच्या पश्चिम भागाच्या दक्षिण काठावर हुआलापाई या मूळनिवासी जमातीचं राखीव क्षेत्र आहे. तिथे ना शेती पिकते ना कारखाना. ‘ग्रँड कॅन्यन वेस्ट’ हे त्यांनी उभं केलेलं पर्यटनस्थळ, २००७ सालचा काचेचा स्कायवॉक त्यांचा, आणि वेगासहून येऊन दरीच्या तळाशी उतरणारी हेलिकॉप्टरं त्यांच्या परवानगीने उतरतात. फेऱ्यांच्या मर्यादेतून त्यांच्याशी करार असलेल्या फेऱ्या वगळल्या गेल्या. आधी जमीन हिरावून घेतलेल्या लोकांना आता तिच्यावरच्या आकाशातून पोट भरू नका असं सांगायला कुणाची जीभ वळणार? परिणाम मात्र असा की मध्य भागात मिळवलेली शांतता पश्चिमेला खर्ची पडली. नदीने आठ-दहा दिवस निःशब्द प्रवास करून आलेले लोक तिथे पोचतात तेव्हा डोक्यावर एकामागून एक हेलिकॉप्टरं असतात.

माणसांच्या कानांबद्दल एवढं झालं. प्राण्यांच्या बाजूने पुरावा थोडा आहे, पण नेमका आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रँड कॅन्यनमधल्या वाळवंटी बिगहॉर्न मेंढ्यांचं चरणं तासन्तास टिपलं गेलं. हिवाळ्यात हेलिकॉप्टर आलं की त्यांची चरण्याची कार्यक्षमता ४३ टक्क्यांनी घटे; मान वर करून बघण्यात वेळ जाई. वसंतात मात्र फरक पडला नाही, कारण तेव्हा मेंढ्या दरीत बऱ्याच खाली गेलेल्या आणि यंत्रं बरीच दूर. साधारण २५० ते ४५० मीटरच्या आत आलं तरच त्रास. म्हणजे उंचीचा नियम मेंढीच्या उपयोगी आहे, माणसाच्या तितका नाही. पार्क सर्व्हिसच्या ध्वनिशास्त्रज्ञांनी इतरांसोबत २०१७ साली ‘सायन्स’मध्ये मांडलेलं चित्र याहून व्यापक होतं: अमेरिकेतल्या ६३ टक्के संरक्षित क्षेत्रांत मानवी गोंगाटाने पार्श्वभूमीचा आवाज दुप्पट झाला आहे आणि २१ टक्क्यांत दहापट. दहापट झाला की पूर्वी शंभर मीटरवरून ऐकू येणारी पक्ष्याची शीळ पार जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही.

बाकीच्या उद्यानांसाठी २००० साली वेगळा कायदा झाला. उद्यानावरून आणि सीमेबाहेर अर्ध्या मैलापर्यंत, जमिनीपासून पाच हजार फुटांच्या खाली व्यावसायिक फेरी करायची असेल तर त्या उद्यानाचा आराखडा हवा. तो दोन्ही खात्यांनी मिळून करायचा. रॉकी माउंटन उद्यानावर तर थेट बंदी. आराखडा होईपर्यंत चालू कंपन्यांना पूर्वीइतक्या फेऱ्यांची तात्पुरती मुभा. ही तात्पुरती मुभा वीस वर्षं चालली. दोन खात्यांचं एकमत होईना, एकही आराखडा झाला नाही, आणि ज्यांच्या फेऱ्या चालू होत्या त्यांना घाई नव्हती. हवाईतल्या रहिवाशांनी आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका पर्यावरणवादी संघटनेने दावा केला. १ मे २०२० ला न्यायालयाने खात्यांचे कान उपटले आणि २३ उद्यानांचं वेळापत्रक मागितलं.

मग जे वीस वर्षांत झालं नाही ते तीन-चार वर्षांत झालं. हवाई व्होल्कॅनोज उद्यानावर वर्षाला सरासरी ११,३७६ फेऱ्या होत. २०२३ च्या अखेरीच्या आराखड्याने त्या १,५४८ वर आणल्या. हालेआकालावरच्या ४,८२४ च्या २,२२४. तिथल्या ज्वालामुखीच्या कुंडात निसर्गतः जवळजवळ दहा डेसिबलची शांतता असते आणि मूळ हवाईयन लोकांसाठी ती जागा पवित्र आहे. ग्लेशियर उद्यानावरच्या फेऱ्या २०२९ अखेर पूर्ण थांबायच्या आहेत. माउंट रशमोरवर बंदी आली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या उद्यानांचा आराखडा मात्र भलत्याच कारणाने गाजला. आधीच्या फेऱ्याच पुढे चालू ठेवल्यामुळे पर्यावरणावर नवा परिणाम नाही, असं म्हणून खात्यांनी अभ्यास टाळला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने हे चूक ठरवलं, आणि जाता जाता दोन न्यायाधीशांनी असंही लिहून टाकलं की देशभर पर्यावरण अभ्यासाचे नियम करणाऱ्या अध्यक्षीय परिषदेला नियम करायचा अधिकारच नव्हता. पक्षकारांपैकी कुणी ते मागितलंही नव्हतं. चार उद्यानांवरच्या फेऱ्यांच्या खटल्यातून जवळजवळ पन्नास वर्षं चाललेली नियमावली डळमळीत झाली.

कंपन्यांचं आवडतं उत्तर म्हणजे शांत यंत्रं, आणि त्यात तथ्य आहे. ईसी-१३० या हेलिकॉप्टरच्या शेपटीची पाती एका कड्यात बंद असतात आणि मुद्दाम असमान अंतरावर बसवलेली असतात, त्यामुळे एकच बोचरा सूर न निघता आवाज अनेक सुरांत विखुरतो. हवाईतल्या एका कंपनीच्या सोबतीने ते पर्यटनासाठीच घडवलं गेलं. जवळून ऐकलं तर फरक लगेच कळतो. दूरवर, वीस डेसिबलच्या दरीत, तो घटतो. आणि शांत यंत्र म्हणून फेऱ्या वाढवायची सवलत मिळाली तर कमावलेलं पुन्हा खर्च होतं. फेऱ्यांची मर्यादा तपासायला वही पुरते. यंत्राची शांतता तपासायला प्रयोगशाळा लागते. नियम करणाऱ्याने यातलं कुठलं निवडावं, याबद्दल मला फारशी शंका नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी जागा म्हणजे केदारनाथ. तिथली हेलिकॉप्टरं दर्शनाला नेतात, सृष्टिसौंदर्य दाखवायला नव्हे, आणि महाराष्ट्रातून जाणारे हजारो यात्रेकरू त्यांत बसतात. पण त्यांची वाट केदारनाथ वन्यजीव अभयारण्यावरून, कस्तुरीमृग आणि मोनालच्या अधिवासावरून जाते. राष्ट्रीय हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं, आणि जमिनीपासून ६०० मीटर उंची राखण्याची अट आली. अरुंद दरीत, ढग उतरलेले असताना वैमानिक ती राखत नाहीत अशा बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. महाराष्ट्रातल्याही अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांत एक तक्ता असतो. त्यात खाणी, करवती, हॉटेलं यांच्याबरोबर एक ओळ असते: फुगे, हेलिकॉप्टर, ड्रोन, मायक्रोलाइट यांनी क्षेत्रावरून पर्यटनासाठी उडणं. तिच्यासमोरच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘लागू कायद्यांनुसार नियंत्रित’. उंची, वेळ, फेऱ्या, डेसिबल यांसाठी त्या तक्त्यात रकाना नाही.